जुन्या मॅसी ३५ चं स्टेअरिंग वीतभर ढिलं झालंय, कुठून हात घालू?

बांधावरचा (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

आमच्याकडे आजोबांनी घेतलेला मॅसी फर्ग्युसन ३५ आहे. कोव्हेंट्रीचा, तीन सिलिंडरचं पर्किन्स इंजिन. आजोबांनी सेकंडहँड घेतला तेव्हा माझा जन्म नव्हता. आरसी बुकावरची शाई उडाल्यामुळे साल चुलत्यांना विचारावं लागतं आणि चुलते दर वेळी वेगळं साल सांगतात. आता त्याला जड काम देत नाही. फवारणीची टाकी, पाभर, कधी चारा आणायला ट्रॉली, आणि दसऱ्याला सगळ्यात आधी हार त्याला. विकायचा नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

दुखणं असं. इंजिन बंद, पुढची चाकं सरळ. स्टेअरिंगच्या रिमवर खडूची खूण केली आणि धाकट्या भावाला चाकापाशी बसवलं. चाक जरा हललं की ओरड, असं सांगितलं. रिम साडेआठ इंच फिरली तेव्हा तो ओरडला. म्हणजे चांगली वीतभर. शेतात चालून जातं, पण डांबरी रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये पुढची चाकं थरथरतात आणि ट्रॅक्टर आपल्या मनाने या कडेचा त्या कडेला जातो. आजोबा हा ढिलेपणा हिशेबात धरून चालवायचे. वळणाच्या आधीच पाव फेरा उचलून ठेवायचे. मला ते जमत नाही.

मागच्या महिन्यात तालुक्याच्या एका मिस्त्रीने स्टेअरिंग बॉक्सच्या बाजूचा स्क्रू दोन फेरे आवळला. सरळ चालताना झकास वाटलं. बांधाशी वळवायला गेलो तर स्टेअरिंग मध्येच धरलं, परत सुटेना. कसाबसा ट्रॅक्टर थांबवला. स्क्रू मीच होता तसा करून टाकला.

तर प्रश्न असा की बॉक्स उघडायचा का? की आधी दुसरं काही बघायचं? लेथ तालुक्याला आहे, हत्यारं बऱ्यापैकी आहेत, घाई नाही. पेरणीला दोन महिने आहेत.

तिखटमीठ

वीतभरच ना? आमच्या गल्लीत एकाचा ट्रॅक्टर आहे, त्याचं स्टेअरिंग म्हणजे नुसती विनंती. चाकांना वाटलं तर ऐकतात.

फिटरभाऊ

दादा, त्या स्क्रूला हात लावला तिथेच चुकलं. तुमचं नाही, मिस्त्रीचं. स्टेअरिंग ढिलं म्हटलं की दहातले नऊ जण बॉक्सचा स्क्रू आवळतात, कारण तो बाहेर आहे आणि पान्यात बसतो. ३० वर्षं ट्रॅक्टरखाली काढली, त्यावरून सांगतो. साडेआठ इंच प्ले एका जागेचा नसतो. इकडे दोन सूत, तिकडे तीन सूत, असा गोळा होत येतो. बॉक्समध्ये गिअरिंग असल्यामुळे खाली चाकापाशी सुताचा ढिलेपणा असला तरी वर रिमवर तो इंचांनी दिसतो. म्हणून चाकाकडून वर चढत यायचं. बॉक्स सगळ्यात शेवटी.

माणसं दोन लागतील. एकाने सीटवर बसून स्टेअरिंग डावं-उजवं, डावं-उजवं नुसतं हलवत राहायचं, जोर लावायचा नाही. दुसऱ्याने खाली एकेका जॉइंटवर बोटं ठेवायची. नुसतं बघू नका, हात ठेवा. डोळ्याला न दिसणारा खडखडाट बोटांना कळतो. ड्रॉप आर्म (बॉक्समधून बाहेर लोंबणारा दांडा) हलतो पण ड्रॅग लिंक (तिथून पुढे चाकाकडे जाणारी सळई) हलत नाही? मागचा बॉल जॉइंट गेला. ड्रॅग लिंक हलते पण चाकावरचा आर्म हलत नाही? पुढचा गेला. आर्म हलतो पण स्टब एक्सल (ज्यावर चाक बसतं तो तुकडा) फिरत नाही? आर्मची चावी नाहीतर पिंच बोल्ट. ही चावी कुणी बघत नाही. अर्धचंद्रासारखी असते, घासून घासून तिचा खाचेत झोपाळा झालेला असतो.

मग पुढचा भाग जॅकवर घ्या. मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड, गिअर टाकलेला, आणि जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही, लाकडी ठोकळे लावायचे. दुसरं, पुढचा एक्सल मधल्या एकाच पिनवर झुलतो. जॅक पुढच्या कास्टिंगखाली लावलात तर एक्सल खाली लोंबकळेल आणि इंजिन एका कुशीवर कलेल. दोन्ही बाजूंना एक्सल आणि कास्टिंगच्या मध्ये पाचर ठोका.

चाक वर-खाली धरून हलवा. हब हलतो पण स्टब जागेवर आहे, तर व्हील बेअरिंग. कॅप काढून कॅसल नट आवळायचा, स्प्लिट पिन नवीन टाकायची, विषय संपला. पण स्टबसकट सगळंच एक्सलच्या नळीत डुलत असेल तर किंग पिनचे (स्टब ज्या उभ्या पिनवर वळतो तिचे) बुश, म्हणजे पिनभोवतीच्या नळ्या, गेले. खालचा बुश आधी जातो, भार त्याच्यावर आणि चिखलही त्याच्याच नशिबी.

हे सगळं करून कागदावर लिहा आणि इथे टाका. मग बोलू.

नवखा शेतकरी

इतका खटाटोप कशाला? पॉवर स्टेअरिंगचं किट मिळतं, बसवून टाका. बोटाने फिरेल.

फिटरभाऊ

किट चांगलंच आहे, नाही म्हणत नाही. पण गेलेल्या किंग पिनवर किट बसवलं तर काय होईल? चाकं तेवढीच डुलणार, फक्त चालवणाऱ्याच्या हाताला कळायचं बंद होणार. तुटायच्या आधी मिळते ती सूचनाच गेली. आधी खालचं नीट करा, मग हौस.

रानवारा

माझ्या माहेरी महिंद्रा बी-२७५ आहे. कांदिवलीच्या कारखान्यातून १९६५ साली जे मॉडेल पहिल्यांदा बाहेर पडलं तेच. आमचा अर्थात नंतरचा. लग्नाआधी मी तो चालवायचे, त्यामुळे थोडं बोलायचा हक्क आहे.

फिटरभाऊंनी सगळं सांगितलं, पण एक जागा राहिली: सेंटर पिन, ज्याच्यावर एक्सल झुलतो ती. आमच्याकडे दोन वर्षं बॉल जॉइंट बदलत होतो. बदलला की आठ दिवस बरं, पुन्हा तेच. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी एक्सल आणि कास्टिंगच्या फटीत पहार घातली आणि उचलली. अख्खा एक्सल कटकन बोटभर वर. पिनचं भोक लांबट झालं होतं. स्टेअरिंग फिरवलं की आधी एक्सलच पुढे-मागे सरकायचा आणि उरलेलं चाकाला मिळायचं. ग्रीस निपल (ग्रीस भरायचं तोंड) होतं हो, पण चिखलाखाली गडप. किती वर्षं त्याला कुणी गन लावली नव्हती देव जाणे. वडील म्हणायचे ग्रीस केलंय. केलं होतं, दिसणाऱ्या निपलांना.

गियरमास्तर

आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक ट्रेड शिकवायचो, निवृत्त आहे. मिस्त्रीने आवळल्यावर स्टेअरिंग का धरलं ते सांगतो, कारण ते कळलं की पुढची निम्मी कामं आपोआप सुटतात.

या बॉक्समध्ये स्टेअरिंगच्या दांड्याला खाली वर्म, म्हणजे स्क्रूसारखे आटे, आहे. त्याच्यावर एक नट, आणि दोघांच्या मधल्या आट्यांत पोलादी गोळ्या फिरतात. दांडा फिरला की नट वर-खाली सरकतो. नटाच्या दात्यांत रॉकर शाफ्टचा सेक्टर (दातेरी चक्राचा तुकडा) अडकलेला असतो, तो ड्रॉप आर्म हलवतो. आता विचार करा, ट्रॅक्टर आयुष्यात सगळ्यात जास्त कसा चालतो? सरळ. सरीत सरळ, रस्त्याला सरळ. म्हणजे त्याच मधल्या दाताने ६० वर्षं मार खाल्ला. कडेचे दात फक्त बांधाशी वळताना लागतात, ते जवळजवळ कोरे असतात. मधल्या झिजलेल्या दाताचा प्ले जाईपर्यंत स्क्रू आवळला की कडेच्या कोऱ्या दातांना जागाच उरत नाही. सरळ चालताना गोड, वळताना गळफास.

म्हणून अ‍ॅडजस्टमेंट करताना चाकं सरळ ठेवून स्क्रू हलकेच लावायचा, मग पुढची चाकं अधांतरी असताना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्टेअरिंग फिरवून बघायचं. कुठेही जड लागलं तर स्क्रू मागे. मध्ये जो प्ले उरेल तो झिजेचा. तो पार्ट बदलल्याशिवाय जात नाही.

तुमच्या ३५ ची आणखी एक गंमत आहे. इतर बऱ्याच ट्रॅक्टरांना एकच ड्रॉप आर्म असतो आणि पुढे दोन चाकांना जोडणारा टाय रॉड. फर्ग्युसन घराण्यात मात्र बॉक्सच्या दोन्ही बाजूंना ड्रॉप आर्म आहेत. डाव्या चाकाला डावी ड्रॅग लिंक, उजव्याला उजवी. आतमध्ये एक सेक्टर दुसऱ्याला फिरवतो. पुढे दोन चाकांना बांधणारं काहीच नाही. म्हणजे आतले दात झिजले की नुसता प्ले येत नाही, दोन चाकं आपापल्या मर्जीने तोंड फिरवतात. तुमच्या थरथरीचं एक कारण हे असू शकतं.

तिखटमीठ

मास्तर, म्हणजे दोन भाऊ, वेगळ्या चुली.

बांधावरचा

सगळ्यांना धन्यवाद. रविवारी दिवसभर हेच केलं. भाऊ सीटवर, मी खाली. यादी देतो:

डाव्या ड्रॅग लिंकचा पुढचा बॉल जॉइंट पार गेलेला, रबर नाहीच, बॉल उघडा, आत माती. मागचा बरा. उजवीकडचे दोन्ही मध्यम. उजव्या आर्मची चावी फिटरभाऊ म्हणाले तशीच, झोपाळा. दोन्ही किंग पिनचे खालचे बुश गेलेले, उजवा जास्त. ताईंची पहारसुद्धा लावली. सेंटर पिनला प्ले आहे, बोटभर नाही पण आहे. आणि तिथलं निपल मलाही सापडत नव्हतं! खरवडल्यावर सापडलं, तोंड चेपलेलं.

वर स्टेअरिंग चाकाखालचा मोठा नटसुद्धा थोडा ढिला होता. तो आवळल्यावर फुकटात पाऊण इंच कमी झाला. इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात कसं आलं नाही याचंच आश्चर्य.

अडचण: बॉल जॉइंट आर्ममधून सुटत नाहीये. नट काढून खालून घण घातला तर आटे चेपले.

फिटरभाऊ

अरे देवा. आट्यांवर घण नाही घालायचा. तो टेपर आहे, पाचरीसारखा रुतलेला. नट परत दोन-तीन आटे चढवून ठेवा, म्हणजे सुटल्यावर पायावर पडणार नाही. आता आर्मच्या डोळ्याच्या (ज्या भोकात जॉइंट बसतो त्याच्या) एका बाजूला जड हातोडी टेकवून धरा आणि बरोबर समोरच्या बाजूने दुसऱ्या हातोडीने एक सणसणीत ठोका. डोळा क्षणभर दबतो आणि टेपर पट्कन सुटतो. दोन-चार ठोक्यांत काम होतं. पुलर असेल तर पुलर लावा, पण ठोका त्यालाही लागतोच.

नवखा शेतकरी

किंग पिन झिजली असेल तर वेल्डिंगने भरून लेथवर उतरवून घ्या. आमच्याकडे सगळे असंच करतात. स्वस्तात काम.

गियरमास्तर

सगळे करतात म्हणून बरोबर होत नाही. स्टब एक्सल, ड्रॉप आर्म, बॉल जॉइंट, चाकावरचा आर्म, यांना वेल्डिंगचा होल्डर लावायचा नाही. हे पार्ट फोर्ज केलेले आणि उष्णता देऊन कणखर केलेले असतात. वेल्डिंगने त्यांची ती ताकद टाक्याच्या कडेला मरते आणि तडा तिथूनच जातो. तडा जायची वेळ तो निवडतो, आपण नाही. ट्रॉली भरलेली असते, उतार असतो, तेव्हाच जातो. बुश बदला, नवीन बुश किंग पिनच्या मापाला रीमर (भोक मापाचं करायचं हत्यार) मारून घ्या. पिनच झिजून गोलाची लांबट झाली असेल तर दुसरी आणा.

नवखा शेतकरी

मास्तर, रागावू नका. आमच्या आळीत दोन ट्रॅक्टर तसे चाललेत म्हणून म्हटलं.

गियरमास्तर

रागावलो नाही. ते दोन चालतायत, हे मान्य. एवढंच म्हणेन की त्यांच्या ट्रॉलीत बसू नका.

लेस्टरकर

उशिरा आलो. मी इंग्लंडात असतो, कोव्हेंट्री इथून तासाभरावर. तुमचा ३५ जिथे जन्मला तो बॅनर लेनचा कारखाना. दुसऱ्या महायुद्धात तिथे विमानांची इंजिनं बनायची. १९४६ पासून तिथेच हॅरी फर्ग्युसनचा लहान राखाडी टीई-२० निघायला लागला आणि दहा वर्षांत पाच लाखांवर गेला. मग ३५. कारखाना २००२ च्या अखेरीला बंद पडला, आता तिथे घरं आहेत.

इथे दर उन्हाळ्यात जुन्या ट्रॅक्टरांचे मेळे भरतात. जमलेल्या म्हाताऱ्यांच्या ३५ चं स्टेअरिंग बघितलं तर तुमच्याइतकंच नाही तरी ढिलंच असतं. गोऱ्यांचंही तेच: आधी स्क्रू आवळतात, मग रडतात.

पार्टसाठी एक. ३५ आणि पुढच्या १३५ चे स्टेअरिंगचे बरेच पार्ट सारखे असतात, त्यामुळे अजून नवीन बनतात. चेन्नईच्या टॅफे कंपनीचा १०३५ ही त्याच घराण्यातला. पण त्यात दोन ड्रॉप आर्मवाले आणि एक ड्रॉप आर्मवाले असे दोन्ही फिरतात. दुकानात नुसतं ‘मॅसी’ म्हणून मागू नका, जुना पार्ट बरोबर न्या.

बांधावरचा

तीन आठवड्यांनी परत आलो. मध्ये गहू निघाला, म्हणून गायब होतो.

झालेलं काम: चारही बॉल जॉइंट नवीन. दोन हातोड्यांची युक्ती तिसऱ्या ठोक्याला चालली, भाऊ टाळ्या वाजवत होता. किंग पिनचे चारही बुश बदलले. लेथवाल्याने रीमर मारला. उजवी पिन खालच्या बाजूला व्हर्निअरने लांबट निघाली, ती दुसरी मिळाली. त्याच्याच खालचं थ्रस्ट बेअरिंग म्हणजे गंजाचा गोळा होता, तेही बदललं. चावी नवीन. सेंटर पिन आणि तिचा बुश नवीन, निपलसुद्धा.

साडेआठ इंचांचे साडेतीन राहिले. बॉक्सला अजून हात नाही.

पण आता वेगळंच. ट्रॅक्टर उजवीकडे ओढतोय आणि टायर घासल्यासारखा आवाज येतो.

फिटरभाऊ

बॉल जॉइंट बसवताना आटे मोजले होते का?

बांधावरचा

… नाही.

फिटरभाऊ

हरकत नाही, सगळ्यांचं होतं. दोन ड्रॅग लिंकवाल्याला अलाइनमेंट असं करा. स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेरे मोजत फिरवा आणि बरोबर निम्म्यावर आणा. दोन्ही ड्रॉप आर्म आता सारख्या कोनात दिसले पाहिजेत. तिथे स्टेअरिंग दोरीने बांधून टाका. आता मागच्या चाकापासून पुढे सुतळी ताणा, दोन्ही बाजूंनी, ट्रॅक्टरच्या मध्यरेषेला समांतर. ज्या चाकाचं तोंड वाकडं त्याच बाजूची लिंक लांब-आखूड करा. एका चाकाची चूक दुसऱ्यावर ढकलायची नाही.

शेवटी टो-इन. दोन्ही टायरांच्या पुढच्या बाजूला हबच्या उंचीवर खडूच्या खुणा करा, अंतर मोजा. ट्रॅक्टर ढकलून चाक अर्धा फेरा फिरवा म्हणजे त्याच खुणा मागे येतील, परत मोजा. पुढचं अंतर मागच्यापेक्षा किंचित कमी हवं. मी ३ ते ५ मिलीमीटर ठेवतो. आणि त्याआधी दोन्ही टायरांत हवा सारखी करा, नाहीतर सगळं मोजमाप पाण्यात.

बांधावरचा

डाव्या टायरात हवा निम्मी होती. लाज वाटते सांगायला. हवा भरली, सुतळी लावली, उजवी लिंक अडीच फेरे आखूड निघाली. आता सरळ चालतो.

मग धीर करून बॉक्सही उघडला. बॉनेट, टाकी, डॅश उतरवण्यातच दिवस गेला. आत तेल नव्हतंच, ग्रीस होतं, वाळलेलं, पेंडीसारखं. कुणीतरी गळती थांबवायला भरलं असावं. मधले दात मास्तर म्हणाले तसेच, बोट फिरवलं की पायरी लागते. साइड कव्हरमधले बुशही गेलेले.

गियरमास्तर

ग्रीस भरणाऱ्याने गळती थांबवली आणि बॉक्स मारला. ग्रीस दात्याने एकदा बाजूला सारलं की ते तिथेच बसतं, परत आत येत नाही. गोळ्यांना ओघळून परत येणारं तेल लागतं. सगळं डिझेलने धुवा, ऑइल सील नवीन घाला आणि ९० नंबरचं गिअर ऑइल भरा. नटामधल्या गोळ्या काढणार असाल तर खाली परात ठेवा. एक जरी घरंगळली तरी शोधत बसाल.

आणि वरच्या कॉलमखालचे शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) जपून ठेवा. दांडा हाताने वर-खाली ओढून बघा. हलत असेल तर एकेक पातळ शिम काढत दांड्याच्या बेअरिंगचा प्ले घालवा. सेक्टरचा स्क्रू त्यानंतर.

बांधावरचा

दांडा हलत होता. एक शिम काढल्यावर थांबला. साइड कव्हरचे बुश तालुक्याला गनमेटलचे बनवून घेतले. सेक्टर आणि नट बदलायला पैसे फार सांगितले, म्हणून तूर्त जुनेच ठेवले. स्क्रू मास्तरांच्या पद्धतीने लावला: सरळवर हलका, टोकाला कुठेही जड नाही.

आता रिमवर पावणेदोन इंच. काल टाकी भरून डांबरी रस्त्याने गेलो. वरच्या गिअरमध्ये थरथर नाही. सवयीने मीही पाव फेरा आधी उचलत होतो, त्यामुळे पहिल्या वळणाला जवळजवळ नालीत गेलो.

रानवारा

अभिनंदन! सेंटर पिनच्या निपलला लाल रंग लावा. आमच्याकडे तेव्हापासून तसंच करतात, कुणी विसरत नाही.

तिखटमीठ

चुलत्यांना चालवायला दिला का?

बांधावरचा

दिला. दोन फर्लांग गेले आणि परत आले. म्हणाले, हा आपला ट्रॅक्टर नाही, बदलून आणलास.

ताई, लाल रंग आजच लावतो. फिटरभाऊ, एक शेवटचं: ग्रीस गनने किंग पिनच्या वरच्या निपलात ग्रीस जातं, पण खालून बाहेर येत नाही. बुश बसवताना भोक उलटं झालं असेल का?

फिटरभाऊ

बुशचं भोक निपलासमोर आलं नसेल, नाहीतर आत जुना गाळ असेल. चाक जॅकवर घेऊन भार काढा आणि स्टेअरिंग डावं-उजवं फिरवत गन मारा. तरी नाही आलं तर बुश काढावा लागेल. अर्धवट सोडू नका.